रिकाम्या खुर्च्यांचे आभार

टीव्हीवर बायकांच्या गोल्फची मोठी स्पर्धा चालली होती. शेवटच्या दिवशी खेळाडू जोडीने उतरतात, पण संख्या विषम आली की सर्वांत मागे पडलेलीला सकाळी सगळ्यांआधी एकटीलाच सोडतात. आज अशाच एकीने लांबून अलगद टोला दिला. चेंडू वळत वळत गेला आणि नेमका खळग्यात पडला. मैदानावर बघायला कुणीच नव्हतं. तरी तिचा हात सवयीने टोपीला गेला आणि टाळ्या पडल्यासारखी तिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघून मान लववली.

मला हसूच आलं. वेडी कुठली!

मग टीव्ही बंद करून जेवायला बसले. हे होते तेव्हा आमटीचा पहिला भुरका मारला की म्हणायचे, "झकास!" आज भुरका मी मारला. घर गप्प होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काहीतरीच तुमचं!"