शंभर एमबीचा राजा

माझा थोरला भाऊ आचऱ्याकडच्या एका दशावतारी कंपनीत राजाची कामं करायचा. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास त्याने सांगून टाकलं, की यंदा गावच्या जत्रेतलं नाटक आपलं शेवटचं. वय झालं, एवढंच कारण दिलं.

त्याची एकुलती मुलगी तेव्हा कुवेतमध्ये नर्स होती. तिला रजा मिळेना. मला फोन करून म्हणाली, "काका, बाबांचा काम माका बघूचा आसा. कायव करा."

मी लग्नाचं शूटिंग करणारा एक जण कसालहून बोलावला. चार तासांचं नाटक डीव्हीडीवर आलं. तिची एक प्रत टपालाने पाठवली, तर तिच्या हातात पडली तडा गेलेली. माझ्याच बांधणीत काहीतरी कमी पडलं असणार. मग इंटरनेटवरून पाठवायचं ठरलं आणि एका रविवारी आम्ही दोघे भाऊ मालवणला गेलो. तिथे एक बाई घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे चालवायच्या.

व्हिडिओच्या साइटवर फाइल निवडली आणि लगेच नकार आला. एका वेळी शंभर एमबीच चालतील. आमचं नाटक चार हजारांच्या वर होतं.

मी कागदावर हिशोब मांडला. मिनिटाला साधारण सतरा एमबी, म्हणजे शंभरात जेमतेम सहा मिनिटं. चाळीसेक तुकडे. त्या लाइनवर एक तुकडा चढायला दीड तास.

"चित्र लहान केलं तर एकदम बरंच जाईल," बाई म्हणाल्या आणि करून दाखवलं. भावाने चष्मा वर करून पाहिलं.

"ह्यो मी?" तो म्हणाला. "माझी बायलसुद्धा वळखूची नाय माका."

म्हणून चित्र मोठंच ठेवलं. परतीच्या एस.टी.पर्यंत दोनच तुकडे जाणार होते. मी म्हणालो, तुझा प्रवेश आणि शेवटची लढाई, एवढं पाठवू. भावाने मला तिथेच अडवलं.

"आणि गणपती?"

"अरे, तो तिला माहीत आहे. तिला तुला बघायचंय."

"गणपती नाचल्याशिवाय राजा खंयसून येतलो रे? पयलो गणपती."

यावर वाद नव्हता. दशावतारात आधी गणपती येतो, त्याची पूजा होते, मग सरस्वती, मग थट्टामस्करी करणारा संकासुर, नाटक त्यानंतर. पहिल्या दीड तासात गणपती चढला. दुसऱ्या तुकड्यात भावाचा प्रवेश घेतला. किती चढलं ते दाखवणारी पट्टी शेवटाला पोचत आली आणि वीज गेली. वीज आल्यावर बाईंनी पाहिलं, तर पट्टी पुन्हा शून्यावर. अर्धवट गेलेलं काहीच राहत नाही, म्हणाल्या. एवढ्यात आमच्या एस.टी.ची वेळ झाली.

गाडीत मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. मुलीने एवढ्या लांबून मागितलं आणि आम्ही पाठवलं काय, तर तिचा बाप ज्यात नाही तेवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा मी भावाच्या घरी होतो. भावाने स्पीकर लावला.

"बाबा, गणपती बघितलंय. आख्खो."

"माझा काम जावक नाय गो. करंट गेलो."

"जांव दे. मी ल्हान असताना संकासुर येवच्या आधीच आयेच्या मांडीर निजायचंय. तुमी येवास तेव्हा माका कधी जागच नसायची. आता सगळा बघतलंय, एकापाठोपाठ एक. मधलो एकव तुकडो सोडूचो नाय."

भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस मा? गणपतीक नावां ठेवी होतस."

त्यानंतर आम्ही दर रविवारी मालवणला जायला लागलो. मी तुकडे आणखी बारीक केले. एकेका मिनिटाचा तुकडा पंधरा मिनिटांत चढायचा. मध्येच वीज गेली, तर तेवढाच पुन्हा करायचा. प्रत्येकाला क्रमांक दिला. बाई आम्हाला बघून विचारायच्या, "आज कोण येणार? सरस्वती की संकासुर?" भाऊ गंभीरपणे सांगायचा. शेजारी परीक्षेचे निकाल बघायला आलेली माणसंही खुर्च्या ओढून बसायची. त्यांना संकासुराची थट्टा पुन्हा लावून दाखवावी लागे.

राजाचा प्रवेश चढायला बरेच रविवार गेले. त्या संध्याकाळी फोन आला, तो आम्ही घरात पाऊल टाकत होतो तेव्हाच.

"बघितलंस?" भावाने विचारलं.

"बघितलंय. मुकुट कोणाचो तो? तुमका मोठो होतो."

"कंपनीचो. पुढे बोल."

"बाबा, बाकड्यार बसताना उजव्या हातान मांडी धरलास तुमी."

जत्रेत आम्ही सगळे पुढेच बसलो होतो. डीव्हीडी मी कितीदा लावली असेल. बाकडं म्हणजे राजाचं सिंहासन, म्हणून मला तो राजाचा रुबाब वाटला होता.

"तो राजाचो गुडघो," भाऊ म्हणाला. "माझो न्हय."

ती हसली नाही. "कधीपासून दुखता?" तिने विचारलं.

भावाने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि दाराकडे पाठ करून बसला. "बरेच दिस झाले. पायरी उतरताना," तो हळू म्हणाला. मग पलीकडून ती एकेक विचारत गेली आणि तो शाळेतल्या मुलासारखा उत्तरं देत राहिला. वहिनी हातातलं काम टाकून उंबऱ्याशी ऐकत उभी होती. तिलाही त्याने हे सांगितलेलं नव्हतं.