पाच रुपयांचा इसार

जनावर विकायला आलेला माणूस मोठ्याने भाव सांगायला लागला, की मामा त्याला थांबवायचे. खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या हातावर पसरायचे आणि म्हणायचे, "तोंडानं नको, हातानं बोल." मग टॉवेलखाली दोघांची बोटं एकमेकांना दाबायची, आकडा ठरायचा, आणि भोवती जमलेल्या आम्हा रिकामटेकड्यांना काही कळायचं नाही. गुरांच्या बाजारातली ही जुनी रीत तुम्हीही कुठेतरी पाहिली असेल. मामांचा चेहरा बघून तर सौदा वर चाललाय की खाली, याचाही पत्ता लागायचा नाही.

मी किन्हवलीला गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर, आणि सगळा बाजार ज्यांना मामा म्हणायचा ते गुरांचे दलाल. म्हणजे आमची गिऱ्हाइकं एकच. "डॉक्टर, हिला बरी करा, मी हिला चांगलं घर बघतो," असं ते मला सांगायचे. मी डॉक्टर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण फुकटात जंताचं औषध हवं असलं की माझी बढती व्हायची.

शहापूर काय आणि मुरबाड काय, दोन्ही तालुक्यांत त्यांचं नाव होतं ते इसारामुळे. सौदा ठरल्यावर घेणारा थोडे पैसे आगाऊ हातावर ठेवतो, तो इसार. मामांनी तो घेतला की जनावर त्या माणसाचं झालं. मग कुणी जास्त पैसे घेऊन आला, तरी मामा त्याला चहा पाजून परत पाठवायचे. मालक कुरकुरायचा. मामा म्हणायचे, "इसार लहान-मोठा नसतो रे. घेतला म्हंजे घेतला."

पुढे बाजार फोनात शिरला. लोक म्हशीचा फोटो टाकायचे आणि घरबसल्या गिऱ्हाईक शोधायचे. मामा बरेच दिवस रुसून होते. "फोटूत दात दिसत नाय, चाल दिसत नाय, नि घेनाऱ्याचे डोले तर दिसतच नाय." पण गुडघे पार गेले, वैरणपाणी होईना, तेव्हा स्वतःची दुसऱ्या वेताची म्हैस विकायला त्यांनीही फोनच काढला. फोटो मी काढले. त्याआधी म्हशीला आंघोळ झाली, शिंगांना तेल लागलं. मुलीच्या स्थळासाठीसुद्धा कुणी एवढा खटाटोप करत नाही.

संध्याकाळी एकाचा हिंदीत फोन आला. म्हणाला, मी फौजी आहे, भावाचा तबेला आहे, म्हैस पसंत आहे. भावात एका शब्दाची घासाघीस नाही. खातं बरोबर आहे का ते बघतो, म्हणून त्याने पाच रुपये पाठवले. त्याच्या लेखी ते गळाला लावलेलं आमिष होतं. मामांच्या लेखी तो इसार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाखऱ्याचा एक शेतकरी टेम्पो घेऊन दारात आला. त्याने म्हैस फिरवून पाहिली, स्वतः धार काढून पाहिली, आणि रोख देतो म्हणाला. मी कास तपासायला गेलो होतो. मामांनी हात जोडले. "इसार घेतलाय."

"किती?"

"पाच रुपये."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, त्यात धड चहा येत नाही. त्या माणसाचं तोंड तरी पाहिलंय का तुम्ही?"

"तुमी गप ऱ्हावा, डॉक्टर."

टेम्पो रिकामा गेला. माझा असा संताप झाला, की मी चहा न घेताच निघालो.

दुपारी त्या फौजीने चौकोनी कोड पाठवला. हा स्कॅन करा, तुमचा पिन टाका, पैसे जमा होतील. मामांनी पिन टाकला आणि पैसे गेले. तो म्हणाला, चुकून उलटे गेले, परत करतो, पुन्हा एकदा करा. मामांनी पुन्हा केलं. त्यानंतर त्याचा फोन बंद. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेलं सगळं त्या दोन वेळांत गेलं.

मामा काठी टेकत दवाखान्यात आले. मी बँकेला फोन लावला, तक्रार नोंदवली. हाती काही आलं नाही. मी सांगितलं, "मामा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन लागतो तो द्यायला."

ते बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "कोनाला बोलू नका. दलालच फसला म्हटल्यावर माज्या हातात जनावर कोन देनार?" मी कबूल केलं आणि तोंड बंद ठेवलं.

थोड्या दिवसांनी बाजाराच्या दिवशी वरच्या पाड्यावरची एक बाई शेळ्या घेऊन दवाखान्यात आली. फोनवर गिऱ्हाईक मिळालं होतं. ती खुशीत होती. "भावबी नाय पाडला त्यानं. पाच रुपये पाठवलेनी पन. आता कोड धाडतो बोललाय."

मामा बाकावरच होते. "नको करू गो. चोर हाय तो."

"तुमची दलाली बुडंल, म्हून सांगता ना?"

दारातले लोक हसले. मीही तिला समजावू लागलो, तर म्हणाली, "तुमी त्यांचेच दोस्त." तिचं तरी काय चुकलं? फोनला नावं ठेवणारा दलाल तिने पहिल्यांदा थोडाच पाहिला होता. एवढ्यात तिचा फोन वाजला. कोड आला होता.

मामा काठी धरून उठले. "मलाबी पाचच आलते," ते म्हणाले. "मी इसार समजलो. दारातला टेम्पो परत धाडला नि पिन मीच टाकला, दोनदा." किती गेले तेही त्यांनी सांगितलं, बाहेरच्या गर्दीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. टॉवेलखालचा आकडा जन्मभर ज्यांनी कुणाला कळू दिला नाही, ते मामा. मला त्यांच्याकडे बघवेना. बाईने फोन कमरेच्या पिशवीत घातला आणि शेळ्यांचे दोर पुन्हा हातात घेतले.

मामांना भीती होती तसंच झालं. पोरं "काय फौजी" म्हणून चिडवू लागली. सौद्याला बोलावणी येईनाशी झाली. म्हैसही शेवटी पडत्या भावात गेली. गुडघे होते तसेच राहिले. तरी बाजाराच्या दिवशी मामा बाकावर येऊन बसायचे आणि कुणी फोन घेऊन आलं, की आपली फजिती पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मागच्या थंडीत ते गेले.

इतक्या वर्षांच्या त्यांच्या चोख सौद्यांचा विषय आता कुणी काढत नाही. निघते ती त्यांच्या फसगतीची गोष्ट. याचं मला फार वाईट वाटायचं. परवा बाजारात तीच शेळ्यांवाली बाई दिसली. तिच्या पाड्यावरची एक नवी सून जुनी शिलाई मशीन फोनवरून विकत होती आणि फोनवर कोण काय सांगतंय ते मन लावून ऐकत होती.

"पिन टाकायला सांगतो? ठेव तो फोन," बाई म्हणाली. "आमचा मामा असाच फसला."

"कोन मामा?"

"व्हता एक. माज्यापायी चारचौघांत सांगितलंनी त्यानं," ती म्हणाली, आणि पोरीचा फोन कट होईपर्यंत तिथेच उभी राहिली.