नाताळबाबाची हाक

करंज्यांचा शेवटचा घाणा काढून मी ओसरीत खुर्ची टाकते. चोवीस डिसेंबरची दुपार आहे. ऊन अंगावर शालीसारखं पसरलंय आणि हातांना तुपाचा वास येतोय. पाचच मिनिटं डोळे मिटायचे, असं मी स्वतःला बजावते. चौतीस वर्षं शाळेत काढलेली बाई दुपारची झोपत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलेय. खरं तर मी सकाळपासून धुमसतेय, आणि धुमसून धुमसून माणूस दमतोच.

कारण आमचे पाळकसाहेब. सकाळी येऊन म्हणाले, "बाई, संध्याकाळी सहाला मुलांचा कार्यक्रम आहे. भेटीची पुडकी बांधून तयार आहेत, पण नाताळबाबा नाही. तुमच्या वडिलांनी पन्नासहून जास्त वर्षं ते काम केलं. आता तुम्हीच उभ्या राहा."

माझे वडील म्हणजे दादा. मिशनच्या बोर्डिंगचे स्वयंपाकी. गेल्या फेब्रुवारीत गेले. नाताळात लाल झगा घालून, कापसाची दाढी लावून ते उभे राहिले की मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर चढायची. मला पाहिलं की मुलं गल्ली बदलतात. मुख्याध्यापिका होते मी, आणि सेवानिवृत्तीनं चेहरा काही बदलत नाही.

"मला गोड बोलता येत नाही," मी पाळकसाहेबांना सांगितलं. "कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडूच. दुसरं कुणी बघा."

"दुसरं कुणी नाही हो," म्हणत ते हिरमुसून गेले. दादा अंथरुणाला खिळल्यापासून दोन वर्षं पाळकसाहेबांनीच मुलांची रांग लावून पुडकी वाटली होती, रेशनच्या दुकानासारखी. कुणाचं नाव नाही, गाव नाही. पुढे चला, पुढे चला. यंदाही तेच होणार. होऊ दे, मला काय त्याचं. असं म्हणते खरी, पण ते मला लागलंय.

मिटल्या पापण्यांतून ऊन लाल दिसतं. ते लाल हळूहळू झग्याचं होतं, आणि पाहते तर पायरीवर दादा बसलेत. दाढी काढून मांडीवर ठेवलीय आणि तिच्यातला कापूस बोटांनी विंचरतायत.

"तुम्ही गेलात ना?" मी विचारते. स्वप्नातसुद्धा माझी चौकशी सुटत नाही.

"गेलो की. फेब्रुवारीत. तूच तर पानी पाजलंस."

"मग इथं कसे?"

"इस्तर, नाताळ हाय आज. चल, पोरं बसल्यात."

माझं नाव एस्तेर. ते नीट उच्चारायला मी दादांना आयुष्यभर शिकवलं, आणि ते आयुष्यभर इस्तरच म्हणाले. आज मी त्यांना दुरुस्त करत नाही.

आमच्या ओसरीला तीन पायऱ्या आहेत. मी चार उतरते, पाच उतरते, आणि खाली बोर्डिंगचं स्वयंपाकघर लागतं. ते पाडून पंधरा वर्षं झाली. पण चूल पेटलेली आहे, आणि दादा झग्याच्या बाह्या दुमडून भाकरी थापतायत. समोर मुलांची पंगत बसलीय, जिचं दुसरं टोक मला दिसत नाही.

"ह्यो रोज दोन खातो," दादा एकाकडे मान वळवून म्हणतात. "आज एकच खाल्ली. घरची याद येतीय त्याला."

"एवढ्यांचं लक्षात कसं ठेवायचं?"

"पोटाचं लक्षात ठेवलं की नाव मागनं येतं."

परातीतल्या पिठाचं आता पुडकं झालंय. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं. "बोट धर," दादा म्हणतात, आणि मी गाठीवर बोट धरते. हे माझं काम होतं. एक डिसेंबरपासून आमच्या घरात रोज संध्याकाळी पुडकी बांधली जायची. कुणाला पेन्सिल आणि खोडरबर, कुणाला भोवरा, कुणाला रिबिनी. आई कागद कापायची, दादा सुतळी आवळायचे, आणि मी गाठीवर बोट धरायची. गाठ बसताना बोट जरासं अडकायचं, मग दादा हसून ते सोडवायचे. त्या दिवसांत मी जितकी सुखात होते तितकी पुन्हा क्वचितच झाले असेन. दुसऱ्यासाठी बांधलेल्या पुडक्याला हात लावायलाही इतकं छान वाटतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

गाठ बसते, पण सुतळी संपत नाही. ती पंगतीच्या कडेनं भिंतीतून पलीकडे जाते. तिच्यामागे चालत आम्ही चर्चमध्ये येतो. बाकांच्या जागी ऊस उभा आहे. शेंड्यांच्या वाढ्यांवर रंगीत कागदाच्या साखळ्या सोडल्यात, आणि उसाच्या आत कुठेतरी बाजाची पेटी वाजतेय. मी माझे हात पाहते. ते दहा वर्षांच्या मुलीचे आहेत.

ते वर्ष कोणतं, हे मला लगेच कळतं.

"हे वर्ष नको मला," मी म्हणते. आवाज मात्र त्रेसष्ट वर्षांचाच आहे.

"मला पायजे," दादा म्हणतात.

त्या वर्षी ज्वारीच्या डब्यात मला माझं पुडकं सापडलं होतं. आत मेणखडूंची पेटी होती, बारा रंगांची. आठ दिवस मी रोज डबा उघडून कागदाच्या फटीतून तिच्याकडे पाहत होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दादा एकेकाचं नाव घेत होते. हातात कागद असायचा, पण तो नुसता ऐटीला. दादा दुसरी शिकलेले, सगळी नावं तोंडपाठ. शेवटचं पुडकं उरलं, माझं. तेवढ्यात दारात एक मुलगी दिसली. चर्चमागे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या, तिथून पेटीचा आवाज ऐकून आली असावी. दादांनी तिला आत बोलावलं, नाव विचारलं, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी हाक मारली, "हौसा!" आणि माझं पुडकं तिच्या हातात दिलं.

मग त्यांनी माझं नाव घेतलं. मी पुढे गेले. त्यांनी आपली मिटलेली मूठ माझ्या तळहातावर ठेवली आणि उघडली. मूठ रिकामी होती.

नवीन वर्ष लागेपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. नंतर बोलले, पण त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघांनीही कधी चकार शब्द काढला नाही.

"तुम्ही मला काहीच दिलं नाहीत," मी आता म्हणते. त्रेपन्न वर्षं गिळलेलं वाक्य आहे. "सगळ्या गावाला दिलंत. मलाच नाही."

"न्हाई दिलं," दादा म्हणतात. सबब नाही, सारवासारव नाही. "दुसरं काय नव्हतंच माझ्याजवळ. लई वाईट वाटलं मला. त्या राती जेवलो न्हाई मी."

मला हे माहीत नव्हतं. उसाची पानं सळसळतात.

"पन तू काय केलंस, ते आठवतंय का?" ते विचारतात.

"रडले नाही."

"त्याच्या आदी. मूठ मिटलीस. जागेवर जाऊन बसलीस, मूठ घट्ट धरून, जनू आत काय हाय."

"रागानं मिटली होती. तुम्हाला बुक्की मारावीशी वाटत होती."

दादा इतके हसतात की दाढी हलते. ती त्यांनी कधी लावली, मला दिसलं नाही.

"आसंल रागानं. पन ती पोरगी बघत हुती तुझ्याकडं. पुडकं घेतलं हुतं तिनं, पन उघडंना. टेबलाच्या कडंला परत ठिवलं. तिला वाटलं, दुसऱ्याचं चुकून आपल्याकडं आलं. मग तू मूठ मिटून बसलीस. तिला वाटलं, हिलाबी मिळालं. तवा उचललं तिनं. तुझी मूठ उघडी आसती, तर गेली आसती ती तसंच ठिवून."

मी उसाकडे पाहते. दोन उसांच्या मधून हौसा दिसते. पायात काही नाही, केसांत उसाचं पाचट. ती जमिनीवर बसून भिंतीवर हिरवी रेघ ओढतेय, आणि रेघ कांडीकांडीनं वाढत छपरापर्यंत जातेय.

"मी गोडीनं दिलं नव्हतं हो," मी म्हणते. मला रडू येतंय, आणि ते मला अजिबात आवडत नाही.

"रागानं दिलेलंबी पोचतं, पोरी. घेनाऱ्याला कुठं ठावं आसतं, देनाऱ्याचं त्वांड कसं हुतं ते?" ते झगा उतरवतात आणि माझ्या खांद्यावर टाकतात. तो ऊबदार आहे. "चल, घे नाव."

"कुणाचं? मी यादी पाहिली नाही. आताची मुलं मला माहीत नाहीत."

"एक तर माहीत आसंल."

रोज सकाळी समोरच्या भाड्याच्या खोल्यांमधली एक आई गच्चीवर उभी राहून मुलीला हाका मारते. माझ्या चहाच्या वेळी. त्रास होतो मला त्याचा.

"स्तुती," मी म्हणते.

"ही झाली हजेरी," दादा मान हलवतात. "हजेरीला पोरगं 'हजर' म्हनतं आन् खाली बसतं. हितं उठून आलं पायजे. नाव घे, आन् थांब. घाई करू नगं. ते येईस्तवर तुला दुसरं कायबी काम न्हाई, आसं थांब."

मी पुन्हा म्हणते. ते पुन्हा मान हलवतात. पेटी थांबते. चर्चचं छप्पर उघडलंय आणि वरून दुपारचं ऊन आत येतंय. दादा आता उसाच्या पलीकडे आहेत, त्यांचा आवाज तेवढा येतो.

"मोठ्यानं, इस्तर. मला हिथवर ऐकू आलं पायजे."

मी छाती भरून श्वास घेते आणि हाक मारते.

माझ्याच आवाजानं मला जाग येते. खुर्ची, ओसरी, अंगावरून सरकलेलं ऊन. खांद्यावर काही नाही. घसा कोरडा पडलाय. असल्या स्वप्नांची खूण म्हणून लोकांना उशाशी फूल सापडतं म्हणे. माझ्या फाटकाशी आठ वर्षांची मुलगी उभी असते.

"बाई, तुम्ही हाक मारली?" ती विचारते. धापा टाकतेय, म्हणजे जिना धावत उतरलीय. "मी काय केलं?"

"काही नाही केलंस," मी म्हणते. पदरानं डोळे पुसते. "संध्याकाळी सहाला चर्चमध्ये ये. तिथं मुलांना पुडकी मिळतात."

"आम्ही नवीन आलोय. आमचं नाव नसेल तिथं."

"ते मी बघते."

"कोण देणारे?"

मला क्षणभर पाळकसाहेबांचा हिरमुसलेला चेहरा आठवतो. फोन करावा लागेल. झगा मागवावा लागेल, आणि माझ्या उंचीला तो आखूड होईल. मुलं हसतील. हसू देत.

"मी देणार," मी म्हणते. "आणि नाव घेऊन देणार. तू आपलं बसून राहायचं, हाक आली की यायचं."

स्तुती फाटकाच्या गजाला धरते.

"आत्ता मारली तशीच?" ती विचारते. "एवढ्याच मोठ्यानं?"

"एवढ्याच मोठ्यानं," मी म्हणते.