चांगल्या जंतूंचे डॉक्टर

माणसांच्या डॉक्टरांना पेशंटबद्दल बाहेर बोलता येत नाही. आमच्या पेशंटची काही हरकत नसते, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे किस्से साठतच जातात. चहाला चार जण जमले की मी सुरू होते आणि घरचे एकेक करून उठतात. तुम्ही बसा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कुलथे सरांच्या हाताखाली लागले. नाशिकच्या गंगापूर रोडवर छोटं क्लिनिक, सर, मी आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी जीप. सरांनी नुकताच पण केला होता, की गरज असल्याशिवाय अँटिबायोटिक द्यायचं नाही. म्हणायचे, "ऊठसूट दिलं की जंतू सरावतात गं. मग खरी वेळ येते तेव्हा बाटली असते, गुण नसतो."

त्याऐवजी ते चांगल्या जंतूंच्या पुड्या द्यायचे, प्रोबायोटिक. लोकांना हवी असायची सुई. गिऱ्हाइकं भराभर गळायला लागली. सरांची प्रॅक्टिस टिकते की बंद पडते, अशी वेळ आली होती. सर काळजीत आणि मी खिदळण्यात, असा आमचा कारभार चालायचा.

*

विंचूरच्या एका आप्पांची म्हैस पातळ शेण टाकत होती. चारा बदलल्यामुळे झालं होतं. सरांनी पुडी दिली.

"आन् सुई?" आप्पांनी विचारलं.

"गरज नाही."

"मंग नुसत्या पान्याची द्या. पन लाल रंगाची पायजे."

"म्हशीला लाल रंगाचं काय करायचंय?"

"म्हशीला नाय हो. शेजारी बघतोय."

*

तिकडेच एका वस्तीवर गाईसाठी तीन पुड्या देऊन आलो. आठवड्याने परत गेलो तर गाय मजेत रवंथ करत होती. सर खूश! घरच्या म्हातारबाईंना म्हणाले, "बघा, पुड्या लागू पडल्या ना?"

"लय गुनाच्या," आजी म्हणाल्या. "माझं पोट चार दिस बिघडलं व्हतं, तिसऱ्या पुडीला थांबलं."

"तुम्ही खाल्ल्या? मग गाईला काय दिलं?"

"तिला काय द्यायचं? ती तुमी येऊन गेले तवाच बरी झाली."

सरांनी ते प्रशस्तिपत्रकच समजायचं ठरवलं. आठवड्यात एखादं मिळालं तरी खूप, अशी परिस्थिती होती.

*

पोल्ट्रीवाले तर वेगळेच. एकाला सरांनी नीट समजावलं होतं, की हे जिवंत जंतू आहेत, पिण्याच्या पाण्यातून द्या. त्याने दिले. पण त्याच टाकीत सकाळी ब्लीचिंग पावडर टाकलेली होती आणि जोडीला असू द्यावं म्हणून अँटिबायोटिकही.

सर खाद्याच्या पोत्यावर बसले. "अहो, चांगले जंतू सगळे मेले की!"

"मंग वाईट पन मेले असतील ना," मालक शांतपणे म्हणाला. "कोनावर अन्याय नाय."

सर उठले आणि स्वतःच टाकी उपसायला लागले.

*

सिन्नरकडे एकाच्या म्हशीला दगडी झाली होती, म्हणजे कास सुजून दगडासारखी टणक. आमच्याकडे येण्याआधी त्याने घरच्या घरी मिळेल ती सुई टोचून पाहिली होती. सरांनी दूध तपासायला पाठवलं. जंतू एकाही औषधाला दाद देत नव्हते.

सरांनी गंभीरपणे सगळं सांगितलं. मालकाचा चेहरा उजळत गेला. पुढच्या बाजारात तो चारचौघांत सांगत होता, "आपल्या म्हशीचे जंतू जिल्ह्यात एक नंबर हाय. लॅबवाल्यांनी हात टेकले."

मी हसून हसून वाकले. पण त्या म्हशीच्या कासेचा एक सड कायमचा आटला. ते कळलं तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं.

*

आणि आता सटाण्याचे दोघे भाऊ. बांधावरून भांडण झालेलं, मध्ये भिंत घातलेली, कित्येक वर्षं बोलणं बंद. थोरल्याने गाईला तापावर म्हणून कोंबड्यांची अँटिबायोटिक पावडर भरपूर चारली. गाईचं पोट म्हणजे जंतूंच्या जोरावर चालणारा कारखाना, सगळे कामगार एकदम मेले. गाईने चारा सोडला, उठेना. सटाण्याकडे हे एकच गिऱ्हाईक सरांना धरून होतं.

सर म्हणाले, "हिला पुडी पुरणार नाही. रवंथ करणाऱ्या निरोगी गाईच्या तोंडातला घास काढून हिला चारावा लागेल." जुना उपाय आहे, फक्त घास ताजा पाहिजे. आणि जवळपास तशी गाय एकच होती, भिंतीपलीकडे.

थोरला जागचा हलला नाही. "मी मागाव नही," त्याच्या अहिराणीत म्हणाला, मागणार नाही म्हणजे नाही. शेवटी मीच भिंतीवरून डोकावून धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. आपल्या गाईची मान धरून उभा राहिला आणि तोंड माझ्याकडे वळवलं. मी हात घालून घास काढला. तिथेच मुक्काम करून असं सकाळ-संध्याकाळ केलं. तिसऱ्या दिवशी थोरल्याची गाय उठून कडब्याला लागली आणि आम्ही नाशिकला परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकचा फोन वाजला. धाकटा होता. "सर, दादानी गाय कशी शे?"

"अरे, मी नाशिकला आहे. तू भिंतीवरून बघ ना."

"कसं बघू? आम्ही बोलत नही ना."

तेवढ्यात सरांचा मोबाईल वाजला. नवीनच घेतला होता, घाबरतच उचलायचे. पलीकडे थोरला. घास काढल्यामुळे धाकट्याच्या गाईला काही त्रास तर झाला नाही ना, तेवढं विचारत होता.

सरांनी एकदा या हाताकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे. मग फोनचा रिसीव्हर आणि मोबाईल टेबलावर एकमेकांना चिकटवून, तोंडाला कान येईल असे ठेवले. मला खुणेनेच उठवलं, दार हळूच ओढून घेतलं आणि आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो.