बहिणीची हाय

करंजाड्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाशेजारी अंगणवाडी होती. तिथली सेविका कानामागे पेन खोचून यायची आणि बाळंतिणींचे योजनेचे फॉर्म काउंटरवर नीट एकावर एक लावायची. एखादीला तिसरं मूल असलं, तर तिचा फॉर्म हळूच परत देत म्हणायची, "दोघांच्या पुढचं सरकार वळखत नाय, बाय."

तिच्यासोबत चार वर्षांची एक मुलगी असायची. हनुवटीवर सेविकेसारखाच खळगा. कुणी विचारायच्या आत सेविका सांगायची, "बहिणीची हाय." मी मान डोलवायचे. तिसरं अपत्य झालं तर सेविकेची नोकरी जाते, हे तिच्याच कागदांच्या प्रती काढताना मी वाचलं होतं. घरात शाळेत जाणारी दोन मुलं आणि कमावणारी ती एकटीच, हेही ठाऊक होतं.

एका दुपारी त्या मुलीचं बोट माझ्या दुकानाच्या दारात चेंगरलं. "आई गं, आई," म्हणत ती रडायला लागली. सेविका दोन पावलं धावली आणि रांगेतल्या बायका बघताहेत हे लक्षात येताच थांबली. हातातले फॉर्म छातीशी धरून तशीच उभी राहिली.

मुलीने एकदा तिच्याकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं. मग हुंदका गिळून म्हणाली, "मावशी."

तेव्हा कुठे तिने तिला उचललं.