झटक्याआधीचं बोलणं

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतला सलूनवाला म्हणजे बोलण्यात कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. केस कापून झाले तरी गोष्ट संपायची नाही, म्हणून माणसं खुर्चीतच बसून राहायची. लेकीनं हा गुण जसाच्या तसा उचलला होता, वर नकलांची भर. बायको लवकर गेली. घरात ही दोघंच, पण शेजाऱ्यांना वाटावं दहा माणसं राहतात.

पोरीला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या बदलून बदलून बाप टेकीला आला होता. शेवटी वाट दाखवली ती एका गिऱ्हाइकानं. सलूनवाला त्याला कुरळ्या म्हणायचा. चांगला डॉक्टर झालेला, पण फक्त फिटचा आजार शिकायचा म्हणून पुन्हा विद्यार्थी होऊन इथं आलेला.

"काका, आमच्या मॅडमना दाखवा," तो म्हणाला. "फिट मेंदूत नेमकी कुठून सुरू होते ते सापडलं, तर ऑपरेशन करता येईल."

आता ते सापडायचं कसं? तर पोरीला भरती करायचं, डोक्याला वायरी चिकटवायच्या, समोर कॅमेरा लावायचा, गोळ्या कमी करायच्या आणि फिट यायची वाट बघायची. बापानं, स्वतःच्या पोरीच्या फिटची! आता बोला. पण बसला बिचारा. दुकानाला कुलूप ठोकून आठवडाभर तिच्या उशाशी बसला. आणि खरं सांगायचं तर दोघांचे इतके मजेचे दिवस आधी कधी गेलेच नव्हते. एरवी हा दुकानात, ती कॉलेजात. इथं दिवसभर गप्पा, भांडणं, नकला. मॅडम चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधतात, ही नक्कल तर अशी की नर्ससुद्धा पोट धरून हसली. तीन फिट आल्या. जागा सापडली, ऑपरेशन ठरलं. घरी आल्यावर त्यानं तेल लावून लावून तिच्या केसांत अडकलेला वायरींचा डिंक काढला, एक केस तुटू दिला नाही.

ऑपरेशनच्या आधीच एका सकाळी ती उठली नाही. झोपेतच फिट आली असावी, मॅडम म्हणाल्या, या आजारात क्वचित असं होतं. क्वचित म्हणे! याला होतीच एक लेक.

पुढं दुकान उघडलं, कात्री चालू झाली, तोंड मात्र बंद पडलं. घरात तिचे फोटो होते, पण आवाज कुठंच नव्हता. त्याचा स्वतःचा फोन साधा बटणांचा, आणि तिला त्यानं घेऊन दिलाच नव्हता, फिटच्या भरात फोडशील म्हणून. आवाज आठवायला जावं तर शब्द आठवायचे, आवाज येत नव्हता. यानं तो वेडापिसा झाला होता. एक दिवस कुरळ्या खुर्चीत बसलेला असताना सलूनवाल्याच्या एकदम डोक्यात आलं.

"अहो डॉक्टर, तो कॅमेरा! आठवडाभर चालू होता की!"

कुरळ्याचा चेहरा पडला. शिकायला आलेल्या डॉक्टरांकडं पहिलं काम येतं ते हेच. सगळं रेकॉर्डिंग बघायचं, फिट शोधायची, तिच्या आधीचं थोडं आणि नंतरचं थोडं ठेवायचं, उरलेलं पुसून टाकायचं. एवढं सगळं साठवायला जागा कुठली? या पोरीचं त्यानं इतकं नेटकं कापलं होतं की मॅडमनी भर वर्गात शाबासकी दिली होती.

"बाकीचं ठेवत नाहीत, काका. त्यात... काही नसतं."

"काही नसतं?" सलूनवाल्यानं कात्री खाली ठेवली. "अरे, माझी पोर होती त्यात!"

अर्ध्या कापलेल्या केसांनिशी कुरळ्या खुर्चीतच रडला.

मॅडमनी ठेवलेले तुकडे बघायची परवानगी दिली, पण आधी बजावलं, "तुम्हाला बघवणार नाही हो."

"मला बघायचं नाहीच, मॅडम. ऐकायचंय."

रिकाम्या वर्गात कुरळ्यानं तुकडे लावले. पहिल्या दोन्ही फिट झोपेतल्या. नुसता श्वास, मग पलंगाची करकर. तिसऱ्या तुकड्यात ती उठून बसलेली, डोक्याला पट्टी, समोर स्टुलावर हा. तिनं नसलेला चष्मा कपाळावर चढवला. मागं उभ्या असलेल्या मॅडमनी तोंड फिरवलं. मग ती नक्कल सोडून म्हणाली, "बाबा, ऐक ना..." आणि तिथंच तिची नजर थिजली. ओठ नुसतेच चघळल्यासारखे हलायला लागले. आणि पडद्यावरचा बाप हसत होता. हीसुद्धा नक्कलच समजून मांडीवर थाप मारून हसत होता.

"बंद करा," सलूनवाला म्हणाला. मग म्हणाला, "पहिल्यापासून लावा. ती माझ्याशी बोलते तेवढंच. पुढचं नको."

कुरळ्यानं लावलं.

"बाबा, ऐक ना..."

कुरळ्यानं पडदा थांबवला. सलूनवाल्यानं खुर्ची पडद्याला टेकेपर्यंत पुढं ओढली.

"बोल ना गं," तो म्हणाला. "काय सांगत होतीस? मी नाही हसत आता."