पंचविसाची दोन शून्यं

परवा लातूरला लेकीकडे होते. नात मोबाईलवर फॅक्टोरियल काढत होती... म्हणजे एक गुणिले दोन, गुणिले तीन, असं पुढं गुणतच जायचं. ती पंचविसाला आली, शेवटी सहा शून्यं दिसली आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

ही शून्यं माझ्या ओळखीची आहेत.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आम्ही रेणापूरला राहायचो. दुष्काळ होता, आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच माझे मालक गेले. त्यांना या गुणाकाराचा भारी नाद. पाचला, दहाला, पंधराला, विसाला शेपटीला एकेक शून्य वाढतं, हे त्यांनी मला दाखवलं होतं. "पंचविसाला बघ, एकदम दोन वाढतील," असं आजारपणात म्हणाले. का, ते सांगायचं राहून गेलं...

टँकरसाठी घागरी रांगेत लावून मी आणि सासूबाई बसायचो. मी कोळशानं फरशीवर त्यांचा गुणाकार पुढं नेत होते. शेजारणी हसायच्या. "एवढी शून्यं मांडून राहिली, एखादी घागर भरती का त्यात?"

चोविसापर्यंत चार शून्यं झाली. पंचविसाला पाचच आली. पुन्हा मांडलं, पुन्हा पाचच... आकडे फरशीबाहेर चाललेले, हातचा कुठं निसटतोय कळेना. त्यांचं शेवटचं सांगणं चुकीचं निघालं, एवढंच मनात आलं. मी पदरानं पुसायला लागले.

सासूबाईंनी हात धरला. लेक गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, पण लहानपणी धर्माबादला वडिलांच्या अडतीवर बसून पावकी पाठ केलेली. पावकी म्हणजे पाव पटीचा पाढा.

"पंचविसानं गुणत कशाला बसलीस? शंभराचा पाव न्हाई का त्यो? चौथाई कर अन् म्होरं दोन शून्यं लाव."

मी चोविसापर्यंतच्या गुणाकाराला चारनं भागलं. त्याची चार शून्यं जागची हलली नाहीत. त्यापुढं शंभराची दोन... सहा झाली.

"मग पाचला एकच का, आत्या?" मी सासूबाईंना विचारलं.

"पाच म्हंजे दहाचं निम्मं. दहाला शून्यं किती असत्यात?"

इतकं सोपं. मी बघतच राहिले. त्या मात्र फरशीकडं बघत होत्या.

"कवा बोलला व्हता त्यो हे?"

"दवाखान्यात."

"खरं बोलला माझा माधव," त्या म्हणाल्या. मग त्याच्या लहानपणचं सांगत बसल्या... टँकर आला, बायका पळाल्या, तरी सांगतच होत्या. आमच्या घागरी त्या दिवशी शेजारणींनीच भरल्या.

आता आत्याही नाहीत. परवा नातीला पंचविसाचा गुणाकार चौथाई करून दाखवला. तिनं विचारलं, "आजी, हे तुला कुणी शिकवलं?" मी दोघांचीही नावं सांगितली.